मात्रेचा धडा

जन्मभर मुलांस व्याकरण पढविलेल्या आणि सुपारीच्या खांडापलीकडे कोणतेंही व्यसन नसलेल्या निवृत्त मास्तरानें भांग-गांजाच्या दुकानांत जावें, आणि तेंही राजरोस, दिवसाढवळ्या, आपल्या व्याह्यांच्या सोबतीनें जावें, हें वाचून आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या भुवया वर चढतील. चढोत. घडलेली गोष्ट घडली तशीच आम्ही सांगणार आहों. तींत जी चूक झाली ती दुकानाची नव्हे, कायद्याची नव्हे आणि औषधाचीही नव्हे. ती सर्वस्वीं आमची होती, हें आरंभींच कबूल करून टाकतों.

भांग या शब्दाशीं आमची ओळख जुनी. वस्तूशीं मात्र मुळींच नव्हती. आमच्या घरांत 'गांजेकस' ही शेवटच्या पायरीची शिवी समजली जाई, आणि देवळाच्या ओवरींत चिलीम ओढीत बसणाऱ्या बैराग्याच्या वाऱ्यासही आम्हां मुलांस उभें राहूं देत नसत. परंतु संस्कृताच्या अभ्यासांत ती वनस्पती पदोपदीं भेटे. पाणिनीनें तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांबरोबर भांगेच्या शेतासही नांव सिद्ध करून दिलें आहे: 'भङ्ग्य' किंवा 'भाङ्गीन'. अमरकोशांत तिला 'मातुलानी' म्हटलें आहे. आणि मातुलानी म्हणजे मामीही होते, त्यामुळें तो शब्द आला कीं वर्गांत हटकून हशा पिके. शार्ङ्गधराच्या वैद्यकग्रंथांत 'व्यवायी' द्रव्याचें लक्षण सांगून भांग आणि अफू हीं त्याचीं उदाहरणें दिलेलीं आहेत. जें आधीं सर्व शरीरभर पसरतें आणि मग पचतें तें व्यवायी. हें लक्षण आम्हांस चाळीस वर्षें पाठ होतें. आणि याच पाठांतरानें पुढें घात केला.

२०२४ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही सहकुटुंब चिरंजिवांकडे अमेरिकेस गेलों होतों. ते कॅलिफोर्निया संस्थानांत नोकरीस आहेत. (त्या देशाच्या पन्नास घटकांस जुन्या मराठी पुस्तकांत 'संस्थानें' म्हणत, तोच शब्द आम्ही येथें ठेवतों.) आमचे व्याही वयानें आमच्याहून चार-पांच वर्षांनीं वडील. इंजिनीयर म्हणून चाळीस वर्षें तिकडे काढून ते त्या देशाचे नागरिक झालेले आहेत. विहीणबाई वारल्यापासून ते लेकीकडे, म्हणजे आमच्या चिरंजिवांच्याच घरीं राहतात. त्यांस आंतड्याचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली, आणि आम्ही पोहोंचलों तेव्हां केमोथेरपी चालू होती.

दर दोन आठवड्यांनीं त्यांस शिरेंतून औषध देत. आणि त्यानंतरचे चार-पांच दिवस पाहवत नसत. मुलांच्या लग्नांत ज्या गृहस्थांनीं पंगतींत जिलब्यांची पैज जिंकली होती, त्यांस आतां फोडणीचा वास आला तरी ओकारी येई. सूनबाई स्वयंपाकघराचें दार लावून, खिडक्या उघडून, जिऱ्याचा दाणाही न तडकवितां वरणभात करी. ते पानावर बसत, लेकीच्या समाधानासाठीं दोन घास गिळत आणि उठून जात. ती कांहीं बोलत नसे. पान उचलतांना मात्र तिचा चेहरा पाहवत नसे. मळमळीवर डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्यांचा उपयोग अर्धामुर्धाच होत होता, आणि दर आठवड्यास वजन उतरत होतें.

एके दिवशीं त्यांच्या डॉक्टरीणबाईंनीं स्वतः होऊनच तो विषय काढला. त्या म्हणाल्या, "या संस्थानांत ही वस्तु कायद्यानें विकत मिळते. कित्येक रोग्यांची मळमळ तिनें कमी होते, थोडी भूक लागते; कित्येकांस कांहींच गुण येत नाहीं. घेणार असाल तर मला सांगून घ्या. ओढूं नका. अडीच मिलिग्रॅमनें आरंभ करा, आणि पहिल्या रात्रीं कोणी तरी जवळ असूं द्या." भांग-गांजांतील मादक सत्त्वास टी. एच्. सी. म्हणतात, तें प्रयोगशाळेंत तयार करून केमोथेरपीच्या मळमळीवर देण्यास अमेरिकेच्या सरकारी औषधखात्यानें १९८५ सालींच मान्यता दिलेली आहे, हेंही त्यांनीं सांगितलें. आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसून हें ऐकत होतों. १९८५ सालींच आपल्या देशांत गांजा आणि चरस यांस बंदी करणारा कडक कायदा झाला होता, ही गोष्ट तेथें आमच्या मनांत आल्यावांचून राहिली नाहीं.

घरीं आल्यावर चिरंजिवांनीं तेथील कायदा आम्हांस नीट समजावून दिला. औषध म्हणून या वनस्पतीस मोकळीक देणारें कॅलिफोर्निया हें पहिलें संस्थान. तेथील मतदारांनीं १९९६ सालीं तसा कौल दिला. पुढें २०१६ च्या नोव्हेंबरांत त्यांनींच रोगाचें निमित्त नसलेल्या प्रौढांसही ती मोकळी केली, आणि १ जानेवारी २०१८ पासून परवानेवाल्या दुकानांत उघड विक्री सुरू झाली. वयाचीं एकवीस वर्षें पुरीं झालेल्या मनुष्यास साडेअठ्ठावीस ग्रॅमपर्यंत सुका पाला जवळ बाळगतां येतो. खाण्याच्या प्रकारांत एका तुकड्यांत दहा मिलिग्रॅमहून आणि एका पाकिटांत शंभराहून अधिक सत्त्व घालूं देत नाहींत. रस्त्यांत किंवा बागेंत सेवन करावयाचें नाहीं, आणि सेवन करून मोटार तर हांकावयाचीच नाहीं.

हें सर्व सांगून चिरंजीव म्हणाले, "नाना, हा कायदा बाबांसाठीं, तुमच्यासाठीं नव्हे."

आम्हीं विचारलें, "म्हणजे काय? आमचीं एकवीस वर्षें अद्याप भरलीं नाहींत कीं काय?"

त्यावर त्यांनीं जें सांगितलें तें परदेशीं मुलांकडे जाणाऱ्या प्रत्येक आईबापांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. संस्थानानें मोकळीक दिली तरी साऱ्या देशाचा म्हणून जो वरिष्ठ कायदा आहे, त्यानें अशी सर्रास मोकळीक दिलेली नाहीं. आणि परक्या देशाच्या मनुष्यास आंत घ्यावें कीं न घ्यावें, राहूं द्यावें कीं न द्यावें, हें त्या वरिष्ठ कायद्याप्रमाणें ठरतें. व्हिसावर आलेल्या पाहुण्यानें किंवा नागरिकत्वाची वाट पाहणाऱ्या मुलानें एकदां सेवन केल्याचें कबूल केलें, तरी पुढें त्याची वाट अडूं शकते. "तुम्ही बरोबर जा; परंतु विकत घेऊं नका, पैसे देऊं नका आणि तोंडांत तर मुळींच घालूं नका," असें त्यांनीं बजावलें. दोन राजांच्या सीमेवरील गांवकऱ्याची गोष्ट आम्ही मुलांस सांगत असूं. येथें एकाच अंगणांत दोन राजे नांदत होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं व्याही आणि आम्ही दुकानांत गेलों. मनांत अंधारी गल्ली, धूर आणि तांबारलेले डोळे होते. पाहतों तों सराफाची पेढी! दाराशीं पहारेकरी, ओळखपत्र पाहिल्याशिवाय तो कोणास आंत सोडीत नव्हता, मग केस पांढरे असोत कीं काळे. आंत लखलखीत उजेड, कांचेचीं कपाटें, आणि प्रत्येक डबीवर त्रिकोणांत काढलेलें भांगेचें पान. गिऱ्हाइकें म्हणाल तर कामावर जाणारा एक सुतार, काठी टेकीत आलेल्या एक वृद्ध बाई आणि आम्ही दोघे.

गल्ल्यापाशीं पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी होती. व्याह्यांनीं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पुढें केली. ती वाचून मुलगी म्हणाली, "मी वैद्य नाहीं, तेव्हां रोगाविषयीं मी सांगणार नाहीं. वस्तूविषयीं तेवढें सांगतें." तिनें फळांच्या वड्यांसारख्या चिकट गोळ्यांची एक डबी काढली. एका गोळींत पांच मिलिग्रॅम. म्हणजे अर्धी कापली कीं अडीच. मग बोट वर करून, आम्ही इयत्ता पांचवीस सांगत असूं त्याच सुरांत, तिनें सांगितलें, "ओढलेला धूर मिनिटांत चढतो. खाल्लेली गोळी तशी नव्हे. तिला अर्धा तास लागेल, एक तास लागेल, दोनही लागतील. कांहीं झालें नाहीं म्हणून दुसरी घेऊं नका. दोन तास थांबा. प्रथमच घेणाऱ्यानें तर त्या रात्रीं दुसरी घेऊंच नये." डबीवरही तेंच छापलेलें होतें. पैसे रोख द्यावे लागले. वरिष्ठ कायद्याच्या भयानें पुष्कळशा बँका आणि कार्डांच्या कंपन्या या धंद्यापासून दूर राहतात, म्हणून नोटा देणारें यंत्र दुकानांतच ठेवलेलें होतें.

घरीं येतांच सूनबाईनें ती डबी कुलपांत टाकली. घरांत सहा वर्षांची नात. गोळ्या दिसावयास थेट खाऊसारख्या. डबीचें झांकण मुलांस उघडूं नये असें केलेलें असतें हें खरें. परंतु आजोबांची डबी न उघडणारें नातवंड आम्हीं तरी अजून पाहिलेलें नाहीं.

त्या रात्रीं साडेसात वाजतां व्याह्यांनीं अर्धी गोळी घेतली. सूनबाई दिवसभराच्या श्रमानें थकलेली. तिला आम्हींच निजावयास पाठविलें आणि "मी बसतों यांच्यापाशीं, तूं निश्चिंत नीज," असें मोठ्या ऐटीनें सांगितलें. तिनें आमच्या शब्दावर विश्वास ठेवून डबी आमच्या हवालीं केली. साडेआठ वाजले. व्याही म्हणाले, "गुरुजी, कांहींच फरक नाहीं. मळमळ आहे तशीच आहे. तुमचा शार्ङ्गधर काय म्हणतो?"

वाचकहो, हा प्रश्न आम्हांस कोणी विचारावयास नको होता. चाळीस वर्षें पाठ असलेलें लक्षण जिभेवर तयारच होतें. आम्हीं सांगितलें, "भांग व्यवायी द्रव्यांत मोडते. पचण्याचीही वाट न पाहतां ती अंगभर पसरते. तास झाला तरी कांहीं नाहीं, तेव्हां मात्राच कमी पडली असली पाहिजे." मास्तर बोलला म्हणजे शास्त्र बोललें! व्याह्यांनीं आणखी दोन गोळ्या घेतल्या. अडीच होते ते साडेबारा मिलिग्रॅम झाले. डबी आमच्याच हातांत होती. तिच्यावरची सूचना वाचावयास चष्माही नाकावर होता. पण आम्हीं ती वाचली नाहीं. 'प्रश्नपत्रिका दोनदां वाचा' असें हजारों मुलांस सांगणाऱ्या आम्हीं ती एकदांही वाचली नाहीं.

साडेनवाच्या सुमारास पहिली अर्धी गोळी लागूं लागली, तेव्हां व्याही हंसूं लागले आणि आम्हीही हंसलों. दहा वाजल्यानंतर हंसणें थांबलें. त्यांची छाती धडधडूं लागली, तोंडास कोरड पडली, हात गार झाले. "गुरुजी, किती तास झाले?" असें ते विचारीत, आणि घड्याळांत तीनच मिनिटें सरलेलीं असत. "मी खोल चाललों आहें, परत वर येत नाहीं," असें म्हणून त्यांनीं आमचें मनगट असें आवळलें कीं वळ उठले. कर्करोगाचें नांव ऐकून जो मनुष्य डगमगला नव्हता, तो लहान मुलासारखा थरथरत होता. आणि मधून मधून एकच विनवणी, "पोरीला उठवूं नका. तिनें मला असा पाहूं नये."

त्या विनवणीपायीं आम्हीं अर्धा तास दवडला. आपली चूक झांकली जावी हाही लोभ त्यांत होता, हें येथें लपवीत नाहीं. मग ते पाणी पिण्यास म्हणून उठले आणि तोल जाऊन पलंगाच्या कडेवर आपटणार, तोंच आम्हीं त्यांस कवेंत धरलें. तेव्हां मात्र शुद्धीवर आलों आणि चिरंजिवांस हांक मारली.

विषबाधेसंबंधीं फुकट सल्ला देणारें, रात्रंदिवस चालू असणारें एक टेलिफोन-केंद्र त्या देशांत आहे. चिरंजिवांनीं तिकडे विचारलें. पलीकडील बाईंनीं वय, रोग, चालू असलेलीं औषधें, किती मिलिग्रॅम आणि किती वाजतां, असें क्रमानें विचारून घेतलें. कोणी रागें भरलें नाहीं, कोणीं नीति शिकविली नाहीं. त्या म्हणाल्या, "श्वास नीट आहे, हांकेला ओ देतात, छातींत दुखत नाहीं, तर दिवा मंद करा, पाणी घोट घोट द्या, पडूं देऊं नका, आणि हें उतरणार आहे असें सांगत राहा. शुद्ध हरपूं लागली किंवा छातींत दुखूं लागलें तर क्षणभर न थांबतां रुग्णवाहिका बोलवा." आम्ही तिघे, सूनबाईसह, पहाटेपर्यंत बसलों. ती बापाच्या कपाळावर हात ठेवून 'उतरेल हं बाबा, उतरेल' एवढेंच म्हणत होती. तीन वाजतां त्यांस झोंप लागली.

सकाळीं आम्हीं सूनबाईस सर्व कांहीं सांगितलें, शार्ङ्गधरही सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाना, तुमचा ग्रंथ खोटा नसेल. पण गोळी किती मिलिग्रॅमची आहे हें त्या ग्रंथाला कसें कळावें?" इतकें बोलून तिनें एक वही आणली. तीवर तारीख, वेळ, मात्रा, मळमळ आणि जेवण असे पांच रकाने आंखले, आणि ती वही आमच्याच हातीं दिली. "लिहावयाचें काम तुमचें," ती म्हणाली. चुकलेल्या विद्यार्थ्यास पुन्हां फळ्यापाशीं उभें करण्याचें हें औदार्य आम्हांस आमच्या नोकरींत कितीदां दाखवितां आलें असेल, हा प्रश्न तेव्हांपासून मनांतून जात नाहीं.

डॉक्टरीणबाईंनीं खुलासा केला तो असा: धुरांतून गेलेलें सत्त्व फुप्फुसांतून सरळ रक्तांत जातें. खाल्लेलें मात्र आधीं आंतड्यांतून यकृतांत जातें, तेथें त्याचें रूपांतर होतें, आणि तें बदललेलें रूप डोक्यावर अधिक जोरानें आणि अधिक वेळ काम करतें. म्हणून उशीर, आणि म्हणूनच जोर. शिवाय उतारवयांत, अशक्तपणांत, इतर औषधें चालू असतां तोच तुकडा दुप्पट वाटूं शकतो. त्यांनीं आठ दिवस कांहींही न घेण्यास सांगितलें आणि पुढें पुन्हां अडीचच, तेही जेवणापूर्वीं दीड तास, असें ठरवून दिलें.

त्या वहींतील नोंदी आम्हीं दीड महिना लिहिल्या. चमत्कार घडला असें आम्ही म्हणणार नाहीं. पहिल्या रात्रीं कांहीं नाहीं; दुसऱ्या रात्रीं कांहीं नाहीं. तिसऱ्या रात्रीं नऊ वाजतां व्याही म्हणाले, "थोडा मऊ भात आणि मेतकूट मिळेल काय?" सूनबाईनें भात कालविला, वर तुपाची धार धरली. ते बसले आणि पानांत कांहींही न टाकतां उठले. वहींत आम्हीं 'जेवण' या रकान्यांत 'पूर्ण' एवढाच शब्द लिहिला. त्या दिवशीं ती पान उचलावयास आली तेव्हां उचलण्याजोगें कांहीं उरलेंच नव्हतें. पुढें कांहीं दिवस गुण आला, कांहीं दिवस आला नाहीं. वजन उतरणें मात्र थांबलें, आणि ठरलेले सर्व डोस ते पुरे करूं शकले.

आम्हीं स्वतः चव घेतली काय, असें वाचक विचारतील. नाहीं. कुतूहल वाटलें नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल. परंतु पाहुण्यानें यजमानाच्या घरावर संकट आणूं नये, एवढा धर्म आम्हांस कळतो. परत निघतांना पुण्याहून आमच्या भगिनींचा टेलिफोन आला, "तिकडे राजरोस मिळतें म्हणतोस, तर माझ्या गुडघ्यांसाठीं एक डबी घेऊन ये." त्यांस सांगावें लागलें कीं, ती डबी कॅलिफोर्नियाच्या सीमेबाहेर पडली कीं औषध राहत नाहीं, गुन्हा होते, आणि मुंबईस उतरली तर गुन्ह्याचें नांव आणखीच मोठें होतें. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें फुलोरा आणि राळ, म्हणजे गांजा आणि चरस, यांस बंदी केली. शेंड्यांवांचूनचा नुसता पाला त्यांतून वगळला. म्हणून उत्तर प्रदेशांत किंवा राजस्थानांत सरकारी परवान्याचीं भांगेचीं दुकानें दिसतात. महाराष्ट्रांत मात्र दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्यानें भांगेसही बंधन घातलेलें आहे. तेव्हां 'अमुक ठिकाणीं चालतें' हें ऐकून दुसऱ्या ठिकाणीं तसें वागूं नये.

१८९३ सालीं इंग्रज सरकारनें याच वनस्पतीच्या चौकशीसाठीं हिंदुस्थानांत एक कमिशन नेमलें होतें. हजाराहून अधिक साक्षीदार तपासून त्यानें दुसऱ्या वर्षीं अहवाल दिला. त्याचें सार असें कीं, माफक सेवनापासून सहसा म्हणण्यासारखी हानि होत नाहीं, अतिसेवनापासून होते. सव्वाशें वर्षांपूर्वीं त्यांनीं माफक आणि अति यांत ही रेघ ओढली. परंतु ती रेघ प्रत्येक मनुष्याच्या देहांत निरनिराळ्या जागीं असते, आणि कोणतेंही सरकार ती घरीं येऊन दाखवीत नाहीं. घ्यावें कीं न घ्यावें हें फार तर कायदा सांगेल; किती घ्यावें आणि किती वेळ थांबावें हें माहितगारास विचारूनच शिकावें लागतें, मग तो माहितगार गल्ल्यामागें उभी असलेली पोरसवदा मुलगी कां असेना.

ह्रस्वास एक मात्रा, दीर्घास दोन, प्लुतास तीन, हें आम्हीं जन्मभर शिकविलें. एक मात्रा चुकली तर वृत्त मोडतें, हेंही शिकविलें. मनुष्याच्या बाबतींत तोच नियम लागतो, हें शिकावयास मात्र आम्हांस सातां समुद्रांपलीकडे जावें लागलें.

व्याह्यांची प्रकृति आतां बरी आहे. त्या गोळ्या बंद होऊन पुष्कळ दिवस झाले. दर रविवारीं त्यांचा टेलिफोन येतो, आणि आमच्या घरीं कोणास सर्दी-पडसें झाल्याचें कळलें कीं ते न चुकतां विचारतात, "गुरुजी, शार्ङ्गधर काय म्हणतो?" आम्ही उत्तर देतों, "शार्ङ्गधर म्हणतो, आधीं डबीवरचें वाचा."